रेइनोची उत्तरं

इर्या लाहती कोट न काढताच माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. टोपीवरचा बर्फ वितळून कपाळावरून ओघळत होता आणि तिला तो पुसायचंही भान नव्हतं. एरवी गावाच्या ऑफिसात आल्याआल्या ती आधी कॉफी लावते, मग हीटरला शिव्या घालते, मग मला.

"बर्नी, जरा येतेस? मला एक वाचून दाखव."

"चष्मा विसरलीस?"

"चष्मा डोळ्यांवर आहे. तू ये."

मी गेले. मेल रेइनो लाहतीच्या नावाने आला होता. रेइनो म्हणजे तिचा नवरा. दोन हिवाळ्यांपूर्वी सरोवराने त्याला नेलं होतं.

तो आमच्या ओटर कोव्हच्या शाळेत सुतारकाम शिकवायचा. शाळा सुटली की गोठलेल्या सरोवरावर जाऊन मासे धरायचा. इथला निम्मा गाव तेच करतो. त्या दिवशी वारा अचानक फिरला आणि किनाऱ्याला धरून असलेला बर्फाचा अख्खा पट्टा सुटून आत सरकला. जवळ बसलेल्या माणसांना होडीने काढलं. मासे धरायला बर्फावर उभारलेली रेइनोची झोपडी सगळ्यांत लांब होती. धुकं निवळलं तेव्हा तिथे नुसतं काळं पाणी होतं. उन्हाळ्यातही काही हाती लागलं नाही. चर्चच्या पाद्रीबाईंनी इर्याला थडग्याच्या दगडाबद्दल विचारून पाहिलं, तर ही म्हणायची, "बघू." तेवढंच.

मेलच्या विषयात तिचीच जुनी ओळ होती: "जेवायला थांबू का?"

आणि वर उत्तर: "नमस्कार. तुझं मिळालं. सोबतचं बघ आणि लवकर कळव. रेइनो."

"चावटपणा आहे कुणाचा तरी," मी म्हणाले.

"खालचं वाच."

खाली त्यांचं शेवटच्या दिवशीचं बोलणं जसंच्या तसं होतं. ती दोघं दिवसभर एकमेकांना असे एकेका ओळीचे मेल टाकायची. तो वर्कशॉपातून, ती इथून. 'तासभर सरोवरावर जाऊन येतो.' 'वारा फिरणार म्हणतात. जेवायला थांबू का?' 'थांब. येतोच.' हे बोलणं त्या दोघांशिवाय कुणालाही ठाऊक असायचं कारण नव्हतं.

मेलच्या डोक्यावर पिवळी पट्टी होती: 'या मेलसोबतची फाइल धोकादायक वाटल्याने अडवून ठेवली आहे.'

हा आमचा अँटीव्हायरस. आदल्या वर्षी शेजारच्या एका गावचं ऑफिस अशाच एका मेलमुळे कुलूपबंद झालं होतं. पाण्याची बिलं, जमिनीचे नकाशे, सगळं कुणीतरी लांबून गोठवून टाकलं. तेव्हापासून आमच्या गावाने हे पहारेकरी बसवले होते. येणारा प्रत्येक मेल आधी त्यांच्या हाताखालून जायचा, मग आमच्याकडे. अडवलेली फाइल सोडायची परवानगी दोघींनाच होती. एक कोलीन ट्रेव्हॅरो, जी आमच्यासारख्या पाच-सहा गावांची मशीनं सांभाळते, आणि दुसरी मी.

कोलीनला फोन लावला. ती कुठल्याशा शाळेत वायरींच्या गुंत्यात बसलेली होती. "असे हल्ली ढिगाने येतात," ती म्हणाली. "पुसून टाका. आणि बर्नी, ती फाइल सोडू नका हं. कितीही गोड बोलली तरी."

"गोड कोण बोलणार? फाइल?"

"माणसं हो. माणसं गोड बोलतात."

इर्याने मेल पुसला नाही. मी ते पाहिलं.

त्यानंतर ते येतच राहिले. दर वेळी वेगळ्या जुन्या बोलण्याला उत्तर. कधी गळक्या पाइपाबद्दल, कधी रेइनोच्या आईच्या वाढदिवसाबद्दल. खालचा मजकूर खरा, वरची ओळ कुणा परक्याची. रेइनोने उभ्या जन्मात कुणाला 'नमस्कार' लिहिलं नसेल. तो 'हं' लिहायचा. इर्यालाही ते कळत होतं. तरी सकाळी आली की आधी मेल उघडायची. कॉफी आता मीच लावत होते.

गावातही कुजबुज सुरू झाली. पाद्रीबाईंना रेइनोचा मेल आला, चर्चच्या बाकांच्या दुरुस्तीबद्दलच्या जुन्या बोलण्यावर. शाळेत आला. मांस-बटाटा भरलेल्या पेस्टीच्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, "तुमच्या इर्याच्या नवऱ्याने मला लाकडाच्या मापाचं विचारलंय. मी काय करू? उत्तर देऊ?" ते हसत नव्हते. आमच्याकडे सरोवर माणूस परत देत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, पण न मिळालेल्या माणसाबद्दल कुणीच अगदी ठामपणे बोलत नाही.

मग एका सकाळी इर्याने मला हाक मारली नाही. मीच तिच्या पाठीमागून फाइल घ्यायला गेले आणि स्क्रीनकडे नजर गेली. विषय होता, "कुठे आहेस?"

वर रेइनोच्या नावाने लिहिलं होतं: "उशीर झाल्याबद्दल क्षमस्व. सगळं सोबत जोडलं आहे."

"हे कधीचं गं?" मी विचारलं. खालची तारीख मला नीट दिसत होती, तरी विचारलं.

इर्याने खुर्ची वळवली. "तो गेल्यानंतरचं. मी लिहायचे. जेवणाच्या सुट्टीत, तू खाली जायचीस तेव्हा. कुठे आहेस, थंडी आहे का, असलं काहीतरी. किती लिहिले देव जाणे. कुणाला सांगितलं नाही."

"अगं पण..."

"मला वेडी म्हणू नकोस. वेडी असते तर उत्तराची वाट बघितली असती. मी वाट बघत नव्हते, बर्नी. नुसती लिहीत होते." तिने स्क्रीनकडे बोट केलं. "आणि आता उत्तर आलंय."

बाहेर बर्फ काढणारी गाडी खरवडत गेली.

दुपारी कोलीन स्वतः आली. बूट दारात आपटून झाडले, इर्याच्या खुर्चीत बसली आणि बराच वेळ नुसती वाचत राहिली. ती एरवी काम करताना गाणी गुणगुणते. त्या दिवशी नाही.

"आधी एक सांगते," ती इर्याला म्हणाली, "हे लिहिणारं माणूसच नाही. यंत्र आहे. कुठल्यातरी मशीनमध्ये शिरायचं, तिथले साठवलेले मेल चोरायचे आणि त्याच जुन्या बोलण्यांना उत्तरं पाठवायची. ओळखीचं नाव दिसलं की माणूस फाइल उघडतो. उघडली की त्याच्या मशीनमध्ये शिरायचं. तिथून पुढे."

"फाइलमध्ये काय आहे?"

"गळ. दुसरं काही नाही."

"तुम्ही बघितलंत?"

"मी नाही, अँटीव्हायरसने बघितलं. संशय आला की तो फाइल एका बंद खोलीत नेऊन उघडतो. खोटा कॉम्प्युटर, खोटं ऑफिस, सगळं खोटं. आत ती काय करते ते बाहेरून बघत बसतो. ही उघडली आणि लगेच बाहेर कुणाला तरी हाका मारायला लागली. साधी चिठ्ठी असती तर गप्प बसली असती की नाही?"

इर्या म्हणाली, "बंद खोलीत कुणीही हाका मारील."

कोलीनने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे.

"मेल चोरले कुठून?" मी विचारलं. "इर्याच्या मशीनमधून?"

"तेच बघतेय. हे मशीन स्वच्छ आहे. शिवाय पाद्रीबाईंना आलेला मेल, शाळेतले मेल, हे इर्याबाईंकडे कधी नव्हतेच. हे सगळे एकत्र एकाच माणसाकडे असणार." कोलीन बोलता बोलता हळू झाली. "रेइनोकडे. शाळेतल्या त्यांच्या खात्यात जुने मेल राहत नाहीत, मशीनवर उतरले की तिथून पुसले जातात. म्हणजे ते मेल आता फक्त त्यांच्या स्वतःच्या मशीनवर असायला हवेत. लॅपटॉप होता ना त्यांचा?"

"त्याच्या पिशवीत असायचा," इर्या म्हणाली. "पिशवी त्याच्याबरोबर गेली."

"सरोवरात?"

"सगळं सरोवरात."

कोलीनने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "इर्याबाई, तुम्ही ते नंतर लिहिलेले मेल... ते त्या लॅपटॉपमध्ये आहेत. तो कधीतरी चालू होऊन नेटला जोडला गेल्याशिवाय ते त्यात येऊच शकत नाहीत. त्या दिवसानंतर कुणीतरी तो लॅपटॉप लावलाय. एकदा नाही. पुन्हा पुन्हा."

मी खिडकीबाहेर पाहिलं. आमच्या ऑफिसातून सरोवर दिसतं. पांढरं, सपाट, मैलोन्‌मैल. त्या क्षणी ते मला दिसू नये असं फार वाटलं.

कोलीन जाताना मला दाराशी घेऊन गेली. "इर्याबाई ती फाइल सोडून बघतील. नजर ठेवा."

"ती असं करणार नाही."

"मी सांगितलं तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी खिडकीवर एक बाई पाण्याच्या मीटरबद्दल भांडायला आल्या आणि मी स्क्रीन तशीच उघडी टाकून उठले. भांडण लांबलं. परत वळले तेव्हा इर्या माझ्या खुर्चीतून उठून आपल्या जागेवर जात होती, घाईने नाही, पाणी प्यायला उठावं तशी. माझ्या स्क्रीनवर लिहिलेलं होतं: 'फाइल सोडली.'

"इर्या! थांब!"

तिने फाइल उघडली होती. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. पानभर एक राखाडी, धुरकट चित्र होतं. बर्फाच्या जाड थराखालून काहीतरी दिसावं, आहे की नाही ते नक्की होऊ नये, तसं. वर लिहिलं होतं: 'हा मजकूर संरक्षित आहे. स्पष्ट दिसण्यासाठी परवानगीचं बटण दाबा.'

"हे बघ," ती म्हणाली, "मागे कुणीतरी आहे."

"कुणी नाही. ते मुद्दाम तसं करतात. हात काढ."

तिने बटण दाबलं.

मशीनचा पंखा घरघरला. चित्र स्पष्ट झालं नाही. क्षणभर काहीच झालं नाही, आणि तो क्षण मला अजून आठवतो, कारण इर्या पुढे वाकून काचेला नाक लागेल इतकी जवळ गेली होती. मग स्क्रीनभर लाल चौकट आली: 'हा प्रोग्राम थांबवला आहे. हा कॉम्प्युटर नेटवर्कपासून तोडला आहे.' राखाडी पान गेलं. मागे रेइनोचा फोटो राहिला, तिने तिथे कायम लावलेला, हातात मासा धरून हसणारा.

फोन लगेच वाजला. कोलीन. "कुणाचं मशीन?"

मी फोन इर्याकडे दिला. ओरडा बसणार असं मला वाटलं होतं. कोलीनचा आवाज मलाही ऐकू येत होता. ती ओरडली नाही.

"काय दिसलं?"

"काही नाही. राखाडी."

"तेवढंच असतं हो त्यात."

"तरी त्याने अडवलंच," इर्या म्हणाली. तिचा आवाज रागाचा होता. "मी सोडलं होतं. मग याने का अडवलं?"

"तो दुसरा आहे. फाटकावरच्याला तुम्ही बाजूला केलंत. हा मशीनच्या आत बसलेला असतो. तो कागदपत्रं बघत नाही, हालचाल बघतो. साधा कागद उघडल्यावर मागच्या दाराने दुसराच प्रोग्राम सुरू व्हायला लागला, म्हणून त्याने हात धरला. नाहीतर एव्हाना गावातली सगळी मशीनं गेली असती."

इर्याने फोन ठेवला आणि तोंड झाकून घेतलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले तर म्हणाली, "थांब. मी रडत नाहीये. विचार करतेय." आणि थोड्या वेळाने बोटांच्या फटीतून म्हणाली, "गाडी कुणी आणली होती, बर्नी? किनाऱ्यावरून रेइनोची गाडी घरी कुणी आणली?"

मला उत्तर माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. आर्वोने.

आर्वो लाहती रेइनोचा थोरला भाऊ. लग्न केलं नाही. जन्मभर रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवली, आता निवृत्त. गावाबाहेर झाडीत एकटा राहतो. त्याच्या तोंडून दोन वाक्यं सलग निघाली तर आम्ही ती घरी जाऊन सांगतो.

शनिवारी दुपारी आम्ही तिघी गेलो. कोलीनने सुट्टी असून गाडी काढली. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती गाडीपेक्षा उंच. आर्वोच्या अंगणात सॉनाच्या, वाफारा घ्यायच्या लाकडी खोपीच्या, धुराड्यातून धूर निघत होता. तो दारात उभा होता, लोकरीच्या टोपीत, जणू आम्ही येणार हे त्याला कुणी सांगितलं होतं. आमच्यामागे कोलीनला, तिच्या हातातल्या पिशवीला पाहिलं आणि तो बाजूला झाला.

"आत आहे," तो म्हणाला. "सॉनाच्या पुढच्या खोलीत."

कुणी काही विचारलंच नव्हतं.

त्या खोलीत एक बाक, एक लहान टेबल, खिडकी. टेबलावर लॅपटॉप, उघडा, चालू. शेजारी रेइनोचा वाचायचा चष्मा. लाकडाचा, धुराचा वास. आणि इतकी ऊब, की ती जागा रिकामी होती असं वाटेना. इर्या उंबऱ्यातच थबकली.

"गाडीत होता," आर्वो म्हणाला. "सीटखाली सरकलेला. पिशवी नेली त्याने, हा राहिला."

"दोन वर्षं?" इर्या म्हणाली. "दोन वर्षं तू मला सांगितलं नाहीस?"

"द्यायलाच निघालो होतो. म्हटलं चालतो का बघावं आधी." त्याने टोपी काढली, हातात धरली. "लावला, तर त्याला मेल आला. तुझा."

इर्याची नजर टेबलावरच्या स्क्रीनकडे गेली.

"कुठे आहेस, असा. मग दुसऱ्या दिवशी आणखी एक. मी म्हटलं आता हा दिला तर ही बघेल की आपले सगळे याच्यात येऊन पडलेत, कुणी उघडलेले नाहीत. ते बरं नाही. म्हणून मी उघडत गेलो."

"सगळे वाचलेस?"

"आलेला मेल कुणीतरी वाचायला पाहिजे ना, इर्या."

मी दुसरीकडे बघितलं. कोलीन जमिनीकडे बघत होती.

"मग एकदा तरी..." इर्याचा आवाज फाटला. "एकदा तरी मला फोन करायचास. माणसा! मी तिकडे भिंतीशी बोलत होते आणि भिंत इथे बसून ऐकत होती!"

"काय बोललो असतो? मी तो नाही."

"मी म्हटलं असतं का तुला, रेइनो हो म्हणून? आर्वो म्हणून आला असतास तरी चाललं असतं!"

तो उभाच होता. मोठा थोरला माणूस, हातात टोपी. मला वाटतं त्याच्याशी कुणी इतकं मोठ्याने बोलून कैक वर्षं झाली असतील.

कोलीनने हळूच विचारलं, "आर्वो, मध्यंतरी काही फाइल उघडलीत का? मेलमधून आलेली?"

"पार्सल आलंय म्हणून होता एक. पत्ता तपासा म्हणे. रेइनोने गळाची चाकं मागवली असतील असं वाटलं. उघडलं, तर काहीच नव्हतं. धुरकट."

"आणि अँटीव्हायरस? होता ना याच्यात?"

आर्वो म्हणाला, "होता. त्याची मुदत संपली. मग रोज कोपऱ्यात चौकट यायची. 'रेइनो, तू आता सुरक्षित नाहीस.' रोज. 'रेइनो, तुझं संरक्षण संपलं आहे.'" त्याने टोपी पिळली. "मला ते बघवेना. मी ते काढून टाकलं."

सॉनात एक ओंडका फुटला आणि आम्ही चौघंही दचकलो.

इर्या पुढे आली. टेबलासमोर बसली नाही, उभ्यानेच वाकली. स्क्रीनवर रेइनोची मेलपेटी उघडी होती, तिच्या नावाने भरलेली. आम्ही बघत असतानाच यादीतली एक ओळ आपोआप हलली, काहीतरी गेलं. कुणीही कळांना हात लावला नव्हता.

"आत्ता काय झालं ते?" इर्याने विचारलं.

"पाठवतंय," कोलीन म्हणाली आणि तिने झटक्यात नेटची जोडणी तोडली. "आपल्यासमोर पाठवतंय."

आर्वो भिंतीला टेकला. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. इतके दिवस तो या टेबलाशी बसून वाचत होता, आणि त्याच्या पाठीमागे, त्याने दिवा मालवल्यावर, त्याच्या भावाच्या नावाने गावभर हाका जात होत्या.

कोलीन संध्याकाळपर्यंत तिथे बसली. फोटो तेवढे तपासून, धुऊन-पुसून वेगळे काढले. बाकी सगळं पुसायचं होतं. पुसण्याआधी तिने इर्याला विचारलं, "तुमचे मेल ठेवू?"

इर्याने आर्वोकडे पाहिलं. "याने वाचलेत. पुरे झालं."

मग इतक्या वेळाने आर्वोने तोंड उघडलं. "निसू आहे," तो म्हणाला. म्हणजे वेलदोड्याचा पाव, त्यांच्या आईच्या पद्धतीचा. "करपलाय थोडा."

"तुझा नेहमीच करपतो," इर्या म्हणाली आणि कोट काढून बाकावर ठेवला.

परतताना गाडीत कोलीनने सांगितलं ते मला नीट झोपू देणार नाही असं होतं. लॅपटॉप पुसला म्हणून संपलं नाही. चोरलेलं सगळं केव्हाच कुठेतरी लांब पोचलं आहे. ते एकाकडून दुसऱ्याकडे जाईल, आणि रेइनो लाहती लिहीत राहील. वर्षानुवर्षं, कदाचित आम्ही कुणी नसू तेव्हाही. "पण आता त्याचं नाव माझ्या यादीत आहे," ती म्हणाली. "नुसती पिवळी पट्टी लावून आत सोडणार नाही. दारातूनच परत."

"इर्याला चालेल?" मी विचारलं.

मागच्या सीटवरून इर्या म्हणाली, "मी इथे बसलेय. चालेल."

गावातल्या सगळ्यांचं तसं निभावलं नाही. पेस्टीच्या दुकानातल्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी घरच्या मशीनवर, जिथे असला कुठलाच पहारेकरी नव्हता, रेइनोला उत्तर द्यायला म्हणून फाइल उघडली. त्यांच्या बायकोचे सगळे फोटो गेले. आर्वो त्यांच्याकडे स्वतः गेला. काय बोलला ते दोघांनाच माहीत, पण तेव्हापासून त्यांच्या अंगणातला बर्फ तोच काढतो.

बर्फ वितळल्यावर इर्याने दगड बसवला. थडग्याखाली कुणी नाही, पण दगड आहे, नाव आहे. पाद्रीबाई प्रार्थना म्हणत होत्या तेव्हा सरोवराकडून वारा येत होता, आणि इर्या त्याच्याकडे पाठ करून उभी होती. शनिवारी ती आर्वोकडे जेवायला जाते. दोघं बोलतात की नुसते बसतात, मी विचारत नाही.

उन्हाळ्यात कोलीन काहीतरी बदलायला आली होती. इर्या नकाशांच्या खोलीत होती. कोलीनने मला जवळ बोलावलं आणि आवाज खाली केला. "एक गंमत सांगू? गंमत नाही खरं तर. आता उलटेही यायला लागलेत. इर्याबाईंच्या नावाने, रेइनोला. त्याच्या जुन्या पत्त्यावर. त्याचे हिला, हिचे त्याला. मधल्यामध्ये कुणीतरी दोघांच्या नावाने बोलतंय."

"पोचतात?"

"ना इकडे, ना तिकडे. त्याची पेटी आपण बंद केली, आणि हिच्या दारात मी आहे."

मी दोन दिवस विचार केला. शेवटी इर्याला सांगितलं. ती एका माणसाच्या कुत्र्याचा परवाना लिहीत होती; माणूस खिडकीबाहेर उभा, कुत्रा त्याच्या पायाशी. ती लिहायची थांबली. बराच वेळ पेन तसंच कागदावर टेकलेलं होतं, शाईचा ठिपका मोठा होत होता.

"कोलीनला सांग," ती म्हणाली, "माझ्या नावाचेही तसेच परत पाठवा." मग तिने तो कागद चुरगळला, दुसरा घेतला आणि खिडकीतून वाकून विचारलं, "काय नाव म्हणालात कुत्र्याचं?"